शेंदराचं बोट

रुख्मिणीनं पेटीचं झाकण उचललं आणि आत पिल्लं नव्हती. काल तिसऱ्या प्रहरी होती. चिंध्यांच्या घरट्यात एकमेकांच्या अंगावर पडलेली, गुलाबी, मिटल्या डोळ्यांची. पोटातलं दूध कातडीतून पांढरं दिसायचं इतकी पातळ. आता घरटं विस्कटलेलं होतं आणि भुरी पाण्याच्या पणतीजवळ बसून दोन्ही हातांनी तोंड धूत होती. भुरी म्हणजे पांढरी उंदरीण, पिल्लांची माय. रुख्मिणीनं आधी सगळ्या चिंध्या उचकून पाहिल्या. माय कधी कधी पिल्लांना मानेला धरून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेते, तसं नेलं असेल. चिंध्यांखाली काही नव्हतं. मग दोऱ्याएवढा शेपटीचा तुकडा दिसला, आणि भुरीच्या तोंडावर, मिशांच्या मुळाशी, काहीतरी नारिंगी लागलेलं दिसलं. रक्त असं नारिंगी नसतं. तिनं बोटानं ते पुसून घेतलं आणि नाकाशी नेलं. शेंदूर होता. तेलात कालवलेला, देवघरातल्या वाटीतला. रुख्मिणी झाकण हातात धरून तशीच उकिडवी बसून राहिली. काय झालं ते तिला सगळं कळलं, आणि कळल्याबरोबर जो संताप आला त्यानं तिचे कान गरम झाले. बाहेर ओसरीवर गडी सतरंज्या झटकत होते. कुणीतरी केळीचे खांब बांधा म्हणून ओरडत होतं. अकोल्याची मंडळी दुपारपर्यंत यायची होती, वच्छलाला कुंकू लावायला. सासरच्या बाईनं मुलीच्या कपाळाला कुंकू लावलं की ती मुलगी त्यांची झाली. पुढचं लग्न म्हणजे जेवणावळ आणि वाजंत्री. वच्छलाचं आठवं वर्ष अजून सरलं नव्हतं. पण पौष लागायच्या आत हे उरकायला हवं, असं तिच्या बापानं ठरवलं होतं, आणि त्यानं ठरवलं की अमरावतीच्या त्या घरात भिंतीसुद्धा मान हलवीत. रुख्मिणीनं झाकण लावलं. कुणाला हाक मारली नाही.

हे उंदीर या घरात आले ते कापसाच्या पाठीवर बसून. समुद्रापलीकडं कुठंतरी गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली, त्यांच्याकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला, आणि इकडं वऱ्हाडातल्या काळ्या मातीला भलतीच किंमत आली. रुख्मिणीचा नवरा महादेवराव तोवर अंजनगाव सुर्जीजवळच्या आपल्या गावात औतामागं चालणारा माणूस होता, डोक्याला मुंडासं, पायात जोडा असला तर असला. दोन हंगामांत त्यानं अमरावतीला कापूसबाजाराच्या वाटेवर घर घेतलं आणि जरीची पगडी घातली. अकोल्याकडं कुणा एकानं बैलगाडीच्या चाकाला चांदीच्या धावा बसवल्या असं ऐकून तो आठवडाभर जेवणावर रुसल्यासारखा होता. नव्या पैशाची नवी खाज. त्याच वर्षी मुंबईचा एक आडत्या माल बघायला आला आणि लेकरांना खेळायला म्हणून पांढऱ्या उंदरांची जोडी देऊन गेला. कुण्या जहाजावरच्या खलाशाकडून घेतली होती म्हणे. महादेवरावानं ती पांढरी अंगं पाहिली, ते माणकासारखे डोळे पाहिले, तोंड धुताना जोडलेले हात पाहिले, आणि पगडी काढून जमिनीवर डोकं टेकलं. गणरायाचं वाहन घरी चालून आलं. आडत्या हसला, पण हसण्यातही त्याचा सौदा बरा होत होता. नेमका त्याच आठवड्यात भाव चढला. मग काय विचारता? सुताराकडून शिसवाची पेटी झाली, पितळी जाळी झाली, पेटी देवघरात गेली. बाजारातले लोक दर्शनाला येऊ लागले. देवळातल्या दगडी उंदराच्या कानात जशी इच्छा सांगतात तशी हे लोक जिवंत उंदराला मुठीत धरून त्याच्या कानात सांगत. काय सांगत ते काही गुपित नव्हतं. सगळ्या बाजाराची इच्छा एकच होती: भाव पडू देऊ नको, म्हणजे ती लढाई थांबू देऊ नको. माणसं मरत राहू देत म्हणून नवस करणारे हे लोक, आणि त्यांच्या मुठीत त्या मुक्या जिवाचं काळीज फुटेस्तोवर धडधडत असे. रुख्मिणी दाराआडून बघे आणि दात ओठ खाई.

पेटीतले उंदीर तिच्याकडं आले ते असे, की देवाच्या वाहनाची घाण काढायला देवाचा भक्त तयार नव्हता. चिंध्या बदलणं, पाणी ठेवणं, ज्वारी टाकणं हे बायकोचं काम ठरलं. पहिले काही दिवस तिनं नाकाला पदर लावून ते केलं. उंदीर म्हणजे कणगी फोडणारा, लुगडं कुरतडणारा, चोर. तिच्या माहेरी उंदराला सुपानं मारीत. पण रोज झाकण उघडायचं, रोज बघायचं, आणि बघता बघता तिला बसायची सवय लागली. घर मोठं झालं होतं आणि घरात तिच्याशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. गावात असताना पाणवठा होता, निंदणाच्या बाया होत्या. इथं पैसेवाल्याच्या बायकोनं बाहेर पडायचं नव्हतं. म्हणून ती पेटीपाशी बसे. महादेवराव ज्याला मूषकराज म्हणून लोकांपुढं करीत असे ती मादी आहे हे तिनं पहिल्यांदा ओळखलं आणि कुणाला सांगितलं नाही. राजाला मनातल्या मनात भुरी म्हणू लागली. आरतीच्या वेळी भुरी मान डोलावते, भक्तीत रंगते, असं महादेवराव लोकांना डोळ्यांत पाणी आणून सांगे. रुख्मिणीला ठाऊक होतं की भुरी उजेडात डोलते आणि अंधारात डोलत नाही, कारण त्या तांबड्या डोळ्यांना उजेडात धड दिसत नाही, आणि समोर काय आहे ते अजमावायला बिचारी मान इकडून तिकडं करते. रंगते कसली. भिते. रागावली की भुरी शेपटी जमिनीवर थरथर आपटी, चिंध्यांवरही त्याचा बारीक आवाज येई. तो आवाज ऐकला की हात घालायचा नाही. घाबरली की आधी दगड होई, मग तोंड धुऊ लागे, उगाच, घाण लागलेली नसताना. रुख्मिणीला वाटे, आपणही असंच करतो. नवरा ओरडून गेला की आपण घासलेली भांडी पुन्हा घासतो.

आणि वास. हे जनावर डोळ्यांनी जगत नाही, नाकानं जगतं, हे तिला कळायला वेळ लागला. लसणाचा हात घातला तर भुरी पेटीच्या टोकाला जाई. न्हाऊन शिकेकाईच्या हातानं गेलं तरी तेच. मग तिनं रीत बसवली. आधी पेटीतल्या मळक्या चिंध्यांत दोन्ही हात चोळायचे, भुरीच्याच घाणीत भुरीचीच होऊन जायचं, आणि मग हात पुढं करायचा. त्या दिवशी भुरी आपण होऊन तिच्या तळव्यावर चढली आणि अंगठ्याच्या खळग्यात बसून अंग चाटू लागली. तिच्या पायांची नखं तळव्याला टोचत होती. रुख्मिणीला इतक्या दिवसांत कुणी असा आपण होऊन हात लावला नव्हता. ती हलली नाही, पाय बधिर झाले तरी हलली नाही.

पहिलं वेत गणपतीच्या सुमारास झालं होतं. महादेवरावानं मायेच्या पोटी, म्हणजे स्वतःवरच्या मायेच्या पोटी, घरट्यात आपल्या रेच्यावरची, सरकी काढायच्या चरकावरची, उत्तम रुई भरली. त्या रुईचे लांब धागे पिल्लांच्या पायांना गुंडाळले गेले आणि एकाचा पाय काळा पडून गळाला. रुख्मिणीनं रुई काढून फेकली आणि आपलं जुनं लुगडं फाडून घातलं. पण तोवर बाजारात बातमी गेली होती. प्रत्येक शेठाला घरात गणरायाच्या वाहनाचं लेकरू हवं होतं. डोळे उघडायच्या आत पिल्लं चांदीच्या वाट्यांत घालून घरोघरी गेली, वर दूर्वा ठेवून. दूध प्यायची जात ती, दूर्वा काय खाणार? कुणाच्याही घरी एकही जगलं नाही, आणि कुणीही ते बोललं नाही. शेठ म्हणत, जपून ठेवलंय. भुरी मात्र पेटीचा कोपरा न् कोपरा हुंगत फिरली, रिकाम्या चिंध्या तोंडात धरून इकडून तिकडं नेत राहिली, आणि तिची सडं फुगून लाल झाली. तेव्हा रुख्मिणीनं नवऱ्याला धरलं. पुढच्या वेताला पिल्लं आपलं आपण खाऊ लागेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. त्यानंही हो म्हटलं. हो म्हणणं त्याला कधीच जड गेलं नाही.

वच्छलाची वेणी घालायला ती माजघरात आली. पोर पाटावर बसून पायातले नवे तोडे बघत होती. अकोल्याच्या मंडळींनी दोन दिवस आधी ते गड्याबरोबर पाठवले होते, मुलीनं घालून बसावं म्हणून. पाय हलवला की आत खुळखुळ वाजे आणि पोर खुदकन हसे. रुख्मिणीनं तेल लावलं, भांग पाडला, आणि मग काही विशेष नाही अशा आवाजात विचारलं, काल सांजच्याला बाबा पेटीकडं गेले होते का. तोडे वाजायचे थांबले. मग ती म्हणाली, "तुले सांगू नोको म्हने."

"मंग हळू सांग."

"संकष्टी होती ना. बाबानं एकेकाले तळहातावर घेतलं न् कपायाले शेंदूर लावला. मी दिवा धरला होता. उद्या पाहुन्यायले दाखवाचे हायेत म्हने, तसेच कोरे कसे दाखवाचे?" आणि मग मान वळवून तिनं विचारलं, "कावून माय? गोड दिसत होते ते."

रुख्मिणीनं तिची मान पुन्हा सरळ केली आणि वेणी घातली. घट्ट घातली असावी, कारण पोर कळवळली. कपाळाला शेंदूर! त्यांना कपाळ तरी कुठं होतं, सगळं मिळून पेरभर जीव. माणसाला दुसऱ्याच्या लेकरावर आपला ठसा उमटवल्याखेरीज चैन पडत नाही. त्या बोटाच्या जागी भुरीनं रात्रभर काय हुंगलं असेल? आपलं दूध, आपली लाळ, आपली ऊब, आणि वर हे तेलकट, परकं, देवाचं. चाटून चाटून ते गेलं नसेल. मग तिला वाटलं असेल की ही माझी नाहीत, माझ्या घरट्यात कुणीतरी दुसरं आणून टाकलंय. रुख्मिणीच्या हातातली वेणीची गाठ सुटली आणि तिला पुन्हा बांधावी लागली.

जमुना पहिल्यांदा माहेरपणाला आली होती तेव्हाचं तिला आठवलं, आणि ते आठवायला नको होतं. जमुना थोरली. मोर्शीला दिली होती, वच्छलाहून थोडीशीच मोठी असताना, तेव्हा कापसाला भाव नव्हता आणि तरीही घाई होतीच, तेव्हाची घाई वेगळ्या नावाची होती. सासरी नेली आणि सणाला आणून सोडली. रुख्मिणीनं धावत जाऊन तिला पोटाशी धरलं, आणि धरल्याबरोबर तिच्या नाकात भलताच वास शिरला. दुसऱ्याच कुठल्या तेलाचा, दुसऱ्या चुलीच्या धुराचा, दुसऱ्या घरच्या गोधड्यांचा. पोर तीच होती, हाडं तीच होती. पण ती ओसरीच्या कडेला अंग चोरून बसली, पाणी मागताना "द्या" म्हणाली, आणि आईच्या ताटातलं उचलून खायला हात पुढं केला नाही. रुख्मिणीला तेव्हा क्षणभर तिची शिसारीच आली होती. हो, शिसारी. त्या क्षणाबद्दल ती कधी कुणाशी बोलली नव्हती, आणि आज तिला त्याचीही लाज वाटली नाही, फक्त चीड आली, की हे ज्यांनी केलं त्यांच्या अंगाला काही वास लागत नाही. जमुना पुढं बाळंतपणात गेली. मोर्शीहून निरोप आला तोही गाडी भरून सरकी घेऊन येणाऱ्या माणसाबरोबर. लेकराला लेकरू होत होतं, दोन्ही गेली. तेराव्याला सगळ्या भाऊबंदांपुढं महादेवरावानं डोळे पुसत म्हटलं होतं की धाकटीला शहाणी होईपर्यंत देणार नाही, अंबाबाईची आण. लोकांनी वा वा केली. आण घेणाऱ्याला खर्च काय येतो?

तो परसात विहिरीपाशी तोंड धूत होता. रुख्मिणी तिथं गेली आणि पिल्लं गेल्याचं तिनं सांगितलं. त्याला आधी उमजलं नाही, मग त्याचा चेहरा उतरला, मग तो चिडला, उंदरिणीवर.

"राक्षशीन हाये ते," तो म्हणाला. "पोटचे लेकरं खाल्ले. झाकन लाव अन् पेटी माडीवर नेऊन ठेव. नराले बाहीर काढू दर्शनाले. अकोल्याच्या लोकायले कळू देऊ नोको, अपशकुन म्हनतीन."

शेंदूर कुणी लावला, असं रुख्मिणीनं विचारलं. त्यानं चूळ भरली, थुंकला, आणि देवाच्या वाहनाला शेंदूर लावला तर काय पाप केलं असं तिलाच विचारलं. आपण बोट लावल्यामुळं काही झालं हे त्याच्या डोक्यात शिरायलाच जागा नव्हती. तिथं सगळा कापूस भरला होता.

"जमुनाच्या तेराव्याले तुमी काय बोलले होते?" रुख्मिणी म्हणाली.

त्यानं पंच्यानं तोंड पुसलं. मग समजावणीच्या सुरात बोलू लागला, आणि तो सूर तिला त्याच्या ओरडण्याहून जास्त झोंबला. "तवा आपल्याले कोन पुसत होतं? आज भाव हाये, म्हनून भगवंतराव अकोल्याहून उठून आपल्या दारात येऊन राहिला. उद्या तिकडची लढाई थांबली तर कुत्रं तरी येईन का? पोरगा चांगला हाये. घर चांगलं हाये. अजून काय पायजे तुले?"

पोरगा चांगला होता, यात खोटं नव्हतं. घरही चांगलं असेल. रुख्मिणीला त्यांच्यात खोट काढायची नव्हती, आणि तिची पंचाईत हीच होती. दारुडा असता, म्हातारा असता, बिजवर असता तर तिला बोलायला शब्द होते. चांगल्या स्थळाला नको म्हणणाऱ्या बाईला लोक वेडी म्हणतात. ती पोर लहान आहे, एवढंच तिचं म्हणणं, आणि लहान तर सगळ्यांच्याच पोरी असतात. भाव पडायच्या आत विकायला काढलेल्या मालासारखी आपली पोर ओट्यावर बसवायची. आणि माल तरी पिकल्यावर वेचतात. कच्चं बोंड कुणी तोडत नाही, हे याच माणसानं तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी शेतात उभं राहून शिकवलं होतं. तो पगडी बांधायला आत गेला.

दुपारी पाहुण्यांच्या दमण्या, छपराच्या हलक्या बैलगाड्या, दारात आल्या. बैलांच्या शिंगांना गोंडे, गळ्यात घागरमाळा, सगळी आळी दारात उभी. भगवंतराव उतरले, म्हणजे मुलाचे वडील, अकोल्याला त्यांचे रेचे चालत आणि आता आगगाडी येणार म्हणून आणखी जागा घेऊन ठेवली होती. जाडजूड, हसतमुख माणूस. मागून त्यांची बायको पार्वताबाई. रुख्मिणीनं तिचे पाय धुतले आणि तिला माजघरात नेऊन बसवलं. बाई वाईट नव्हती. तिनं आल्या आल्या वच्छलाला जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला, तोडे बसले का बरोबर म्हणून वाकून पाहिलं. तिच्या अंगाला केवड्याच्या अत्तराचा भपका येत होता, आणि तिनं हात फिरवल्यावर वच्छलाच्या गालालाही तो येऊ लागला. रुख्मिणी चुलीकडं गेली. पुरणाची पोळी तव्यावर करपली ते तिला वासानं कळायला हवं होतं, पण नाकात केवडाच होता.

पुरुष ओसरीवर, बायका माजघरात, आणि मधल्या दारात पाट मांडून त्यावर वच्छला, दोन्हीकडून दिसावी अशी. महादेवरावानं नर उंदीर आणला. भगवंतरावांनी त्याला मुठीत घेऊन कानाशी तोंड नेलं, आणि ओसरीवरची सगळी मंडळी हात जोडून गप्प झाली. नर मुठीत मुतला. महादेवराव म्हणाला, तीर्थ आहे, शुभ आहे. लोक मोठ्यानं हसले. मग बोलणं पोरीवर आलं. रंग, केस, पायांची ठेवण. महादेवराव पोरीची तारीफ करताना तोच सूर लावत होता जो तो बाजारात मूठभर कापूस उलगडून धागा लांबवून दाखवताना लावी. वच्छला आज्ञाधारकपणे पदर सावरत होती. मधूनच पाय हलवून खुळखुळ ऐकत होती. रुख्मिणी तिच्या मागं दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिथून पोरीचा भांग दिसत होता, पांढरा, सरळ, सकाळी तिनंच पाडलेला. तिला आपल्या दोन्ही हातांचं काय करावं ते कळेना. पदरानं ते पुसले. पुन्हा पुसले. पुसायला काही नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिनं हात खाली सोडले.

पार्वताबाईनं करंडा उघडला. ओसरीकडं तिनं मान वळवली आणि सहज, बोलायचं म्हणून, महादेवरावाला विचारलं, "पिल्लं झाले म्हने तुमच्या मूषकराजाले? दाखवा ना. त्यायच्या पुढंच कुकू लावतो, शुभ असते."

महादेवरावाला सुचायला पळभरही लागलं नाही.

"हायेत, बाई. पन कवळे हायेत अजून," तो हसत म्हणाला. "माय जवळ येऊ देत नाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, मायच ती. रुख्मिणीला ते ऐकू आलं आणि दिवसभर अंगात कोंडलेला संताप एकदम थंड झाला. गेला नाही. थंड झाला, हातात धरता येईल असा झाला. किती सहज बोलला तो. त्याला ठाऊक होतं तर. माय काय करते, लेकरू कवळं असताना तिनं काय करायला हवं, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि ते त्याला खोटं बोलण्यापुरतंच लागत होतं. पार्वताबाईनं बोट कुंकवात बुडवलं आणि ती पुढं वाकली. वच्छलानं डोळे मिटून तोंड वर केलं.

रुख्मिणी खाली बसली आणि मागून हात घालून तिनं पोरीच्या कपाळावर आपला पंजा ठेवला. बोट आलं ते तिच्या हाताच्या पाठीवर टेकलं. थंड होतं, थोडं ओलं होतं.

"पिल्लं नाईत, बाई," ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला, इतका साधा होता. "काल यायनं त्यायले शेंदूर लावला. मायनं खाऊन टाकले."

ओसरीवर भगवंतरावांनी नर उंदराला शेजारच्या माणसाच्या हातात देऊन टाकलं. महादेवरावानं "वच्छलाची माय" अशी हाक मारली, हळू, दात न उघडता, आणि त्या हाकेत पुढं काय काय होणार ते सगळं होतं. पार्वताबाई मात्र रुख्मिणीकडं बघत होती. तिनं आपलं बोट मागं घेतलं नव्हतं.

"बाई, हात काढा," ती म्हणाली.

"नाई काढत."

"येळ निघून चालली."

"जाऊ द्या. माही एक पोर अशीच गेली. हे देत नाई. शहानी झाल्यावर या, मी सोता बोलवीन. आता नाई देत."

पार्वताबाईनं एकदा वच्छलाकडं पाहिलं, आणि मग तिची नजर कुठंतरी दुसरीकडंच गेली, तिच्या स्वतःच्या घरात किंवा त्याहून मागं. तिनं बोट करंड्याच्या काठाला पुसलं. झाकण लावलं. ओसरीवर भगवंतराव उठून उभे राहिले होते आणि जोडे शोधत होते. असला अपमान आपल्या सात पिढ्यांत झाला नाही असं ते म्हणाले, आणि महादेवराव त्यांच्या पायांपाशी वाकून काहीबाही बोलत सुटला, बाईच्या डोक्यावर परिणाम आहे, थोरलीपासून आहे, मी बघतो, मी उद्या येतो अकोल्याला. कुणी जेवलं नाही. पोळ्यांच्या चळती तशाच राहिल्या. बैल पुन्हा जुंपले गेले आणि आळीनं पुन्हा दारात उभं राहून ते पाहिलं. तोडे परत द्यायला हवे होते. रुख्मिणीनं पोरीच्या घोट्याला तेल लावलं आणि ते एकेक करून ओढून काढले, आणि पार्वताबाईच्या हातात दिले.

दमण्या वळणाआड गेल्यावर महादेवराव आत आला. त्यानं हात उगारला आणि मारला नाही, आळी अजून दारात होती. आजपासून तुझ्या हातचं पाणी पिणार नाही, तो म्हणाला. उद्या तुला माहेरी घालवून येतो आणि मग अकोल्याला जातो, बघतो कोण आडवं येतं. रुख्मिणीनं ऐकून घेतलं. तो म्हणतो तसं करीलही, हे तिला ठाऊक होतं. मग मी पायी परत येईन, ती म्हणाली, आणि पुन्हा हात ठेवीन. तो पगडी खुंटीला न अडकवता खाली टाकून माडीवर निघून गेला.

आणि मग वच्छलाला कळलं की तोडे गेले. इतका वेळ ती भेदरून गप्प होती. तिनं आपल्या उघड्या पायांकडं पाहिलं, एक पाय हलवून पाहिला, आणि जी किंचाळली ती साऱ्या घराला ऐकू गेली. माहे तोडे दे, ती ओरडत होती. तू वाईट हायेस, बाबा चांगले हायेत, मले अकोल्याले जायचं हाये. तिनं आईचं लुगडं ओढलं, लाथा मारल्या, बुक्क्या मारल्या. रुख्मिणीनं तिला मांडीवर ओढून घट्ट धरलं. पोरीनं मिळेल तो हात तोंडात धरला, तोच, पाठीवर कुंकू वाळलेला, आणि सगळ्या ताकदीनं चावली. दुखलं. रुख्मिणीनं हात काढून घेतला नाही.

"चाव," ती म्हणाली. "चाव किती चावतं ते. अजून दुधाचेच दात हायेत तुहे."